‘मागें पहा’

गेलीं दोन वर्षें मी एक शब्दसंग्रह करीत आहें. त्याला कोश म्हणण्याचें धाडस मजजवळ नाहीं. भूम तालुक्यांतील ईट हें माझें गांव; बालाघाटाच्या पठारावरचें, पावसाच्या मर्जीवर जगणारें. माझ्या जन्मीं जिल्ह्याचें नांव उस्मानाबाद होतें, तें २०२३ सालीं धाराशिव झालें. गांवाचें नांव मात्र होतें तेंच, अवघ्या दोन अक्षरांचें, राहिलें आहे. त्या गांवांत व आसपासच्या वाड्यावस्त्यांत जे शब्द माझ्या आजीच्या पिढीच्या तोंडीं होते आणि जे माझ्या विद्यार्थ्यांच्या कानांवर आतां पडतही नाहींत, ते मरण्यापूर्वीं लिहून ठेवावे, एवढाच माझा उद्देश. मोट गेली, तिच्याबरोबर सोंदूर, नाडा, कणा, थारोळें, धांव हे शब्द गेले. तिफणीची जागा ट्रॅक्टरमागच्या यंत्रानें घेतली, तेव्हां चाडें आणि रुमणें हीं निराधार झालीं. वस्तु गेल्यावर तिचें नांव कांहीं काळ म्हाताऱ्या माणसांच्या आश्रयानें राहतें. त्या माणसांमागून तेंही जातें.

या उद्योगांत मला आठ-दहा विद्यार्थी आणि एक भाचा यांचें साहाय्य आहे. विद्यार्थी सुटींत गांवोगांव जाऊन वृद्धांपुढें बसतात, ऐकलेलें टिपून घेतात आणि ज्याच्या त्याच्या संगणकावर किंवा खिशांतल्या फोनवर उतरवून मजकडे धाडतात. भाचा पुण्यास संगणकाच्या धंद्यांत आहे. अशा रीतीनें जमलेल्या फाईली सहाशेंच्या घरांत गेल्या, तेव्हां त्यांतील एकाच जातीचे दोष हातानें काढणें माझ्या आवांक्याबाहेर झालें. कोणी स्वल्पविरामापुढें जागा सोडी, कोणी सोडीत नसे; कोणी पूर्णविरामाऐवजीं उभा दंड देई; कोणी शब्द आणि अर्थ यांमध्यें आडवी रेघ मारी, तर कोणी दोन टिंबें. तीच दुरुस्ती सहाशें वेळां करणें हें काम माणसाचें नव्हे.

मजकूर लिहिण्याचें व सुधारण्याचें जें साधन त्यास संगणकवाले एडिटर म्हणतात. सामान्यतः माणूस त्याच्यापुढें बसतो, पडद्यावर पाहतो आणि बोटांनीं हुकूम देतो. परंतु हे हुकूम आगाऊ लिहूनही देतां येतात. अमुक फाईल उघड, जेथें उभा दंड असेल तेथें टिंब घाल, ज्या ओळींत तारांकित शब्द आहे त्या ओळी म्हणून दाखव, बंद कर. अशा यादीस स्क्रिप्ट म्हणतात. नाटकाच्या संहितेलाही इंग्रजींत हाच शब्द आहे, आणि पुढें जें सांगावयाचें आहे त्यास हा योगायोग चांगला उपयोगीं पडतो. भाच्यानें ‘व्हिम’ या एडिटरला अशी एक स्क्रिप्ट लिहून दिली. व्हिम हा ब्राम मूलेनार या डच गृहस्थांनीं १९९१ सालीं लोकांस दिला व २०२३ सालीं मृत्यु येईपर्यंत तो वाढवीत नेला. त्याचें मोल ते मागत नसत. वापरणाऱ्यांनीं युगांडांतील पोरक्या मुलांस कांहीं मदत करावी, अशी त्यांची विनंती असे. अशा माणसाच्या हातचें साधन आमच्या गांवच्या शब्दांची सेवा करणार, याचा मला मनांतून आनंद झाला होता.

एका रात्रींत सहाशें फाईलींचें काम झालें आणि तारांकित शब्दांच्या याद्या मजकडे आल्या. कांहीं याद्यांच्या आरंभीं, कांहींच्या शेवटीं आणि कांहींच्या पोटांतही एक चमत्कारिक मजकूर पडलेला होता: चौकटी कंसाचा डावा अर्धा भाग, त्यापुढें प्रश्नचिन्ह, त्यापुढें १०४९ हा आंकडा आणि शेवटीं रोमन लिपींतील एच हें अक्षर. जणूं कोणी परमुलखांतला हेर रात्रीं येऊन सोंदूर आणि नाडा यांच्यामध्यें आपला सांकेतिक निरोप ठेवून गेला होता. असा मजकूर एकाही विद्यार्थ्यानें लिहिलेला नव्हता, आणि स्क्रिप्टमध्येंही तो कोठें नव्हता.

तो एडिटरनें स्वतः उच्चारलेला होता. नाटकाच्या वहींत पात्राचें भाषण असतें आणि कंसांत नटाला सूचना असते: घाईनें प्रवेश करून, खुर्चीवर बसत, दिवा मालवून. नट भाषण बोलतो आणि सूचना करून दाखवतो. सूचना बोलून दाखवणारा नट अद्याप मराठी रंगभूमीवर आलेला नाहीं. संगणकाच्या पडद्याकडे जो मजकूर जातो त्यांतही हीं दोन्हीं मिसळलेलीं असतात. अक्षरें दाखवावयाचीं असतात. त्यांच्या अधूनमधून पडद्याला सूचना असतात. वरच्या कोपऱ्यांत जा, येथून खालचें पुसून टाक, पुढचे शब्द ठसठशीत कर. १०४९ वाली सूचना म्हणजे ‘सध्यांचा पडदा जपून बाजूस ठेव आणि मला एक कोरा पडदा दे.’ एडिटर उघडतांना ती देतो, आणि मिटतांना त्याच आंकड्यापुढें एचऐवजीं एल लावून जुना पडदा परत मागतो. पडदा असेल तर हें सारें निमूटपणें घडतें, आणि आपणांस त्याचा पत्ताही लागत नाहीं. परंतु भाच्यानें एडिटरचें बोलणें पडद्याकडे न सोडतां सरळ फाईलींत वळविलें होतें. फाईल ही नट नव्हे. ती लेखनिक आहे. तिच्यापुढें जें उच्चारलें जाईल तें ती उतरून घेते.

या सूचनांचें मूळ पडद्याहूनही जुनें आहे. अमेरिकेंत १९६३ सालीं प्रसिद्ध झालेल्या आणि १९६७ सालीं आजच्या रूपास आलेल्या ‘आस्की’ नांवाच्या कोष्टकांत १२८ जागा आहेत; पैकीं पहिल्या बत्तीस व अगदीं शेवटची एक अशा तेहतीस जागांवर अक्षर नाहीं, सूचना आहे. तीं कोष्टकें बनलीं तेव्हां दुसऱ्या टोकास कागदावर ठोकणारें तारयंत्र असे. सातव्या क्रमांकानें त्याची घंटा वाजे. तेराव्यानें छपाईचा गाडा ओळीच्या आरंभीं येई आणि दहाव्यानें कागद एक ओळ वर सरके. एका नव्या ओळीला असे दोन हुकूम लागत. शेवटच्या, १२७ व्या जागेची कथा मला फार आवडते. कागदाच्या फितीवर भोकें पाडून मजकूर लिहीत. पाडलेलें भोंक बुजवितां येत नाहीं. म्हणून चुकलेल्या अक्षराच्या जागीं सातही भोकें पाडून टाकावयाचीं आणि सर्व भोकें असलेलें अक्षर म्हणजे ‘खोडलेलें’ असें समजावयाचें. सत्ताविसावी जागा ‘एस्केप’ची. बॉब बीमर या गृहस्थांच्या पुरस्कारानें ती कोष्टकांत आली. तिचा अर्थ इतकाच कीं, यापुढचीं कांहीं अक्षरें अक्षरें समजूं नका, खुणा समजा. पुढें कांचेचे पडदे आले. १९७८ सालच्या ‘व्हीटी १००’ या टर्मिनलनें या खुणांची एक प्रमाण बोली रूढ केली, आणि ती जवळजवळ जशीच्या तशी आजच्या संगणकांत नांदत आहे. स्वतः एस्केप अदृश्य आहे. म्हणूनच माझ्या याद्यांत त्याच्या मागचें शेपूट तेवढें दिसत होतें.

येथें मला एक जुनी गोष्ट आठवते. १९८० च्या सुमारास ईटमध्यें टपाल आलें कीं पत्र वाचून दाखवणाऱ्या मुलांना भाव येई. मुंबई-पुण्यास कामाला गेलेल्या माणसांचीं तीं पत्रें. तिकडे लिहिणारा बहुधा खोलींतला कोणी शिकलेला सोबती, इकडे ऐकणारी माय किंवा बायको. आमच्या आळींतील एक मुलगा मोठा खणखणीत वाचीत असे. अर्थाकडे त्याचें लक्ष नसे. कागदावर असेल तें, असेल त्या क्रमानें, एका सुरांत. एकदां अशाच एका पत्रांत पानाची जागा संपली म्हणून लिहिणारानें कोपऱ्यांत ‘मागें पहा’ असें घातलें होतें. त्या मुलानें वाचलें: ‘यंदा दिवाळीस मी नक्की मागें पहा येत आहे.’ ऐकणारी म्हातारी चटकन् मागें वळली. ओसरीच्या दाराशीं कोणी नव्हतें. आम्ही पोरें हंसलों. ती हंसली नाहीं. थोडा वेळ ती दाराकडेच पाहत राहिली, आणि मग म्हणाली, ‘वाच पुढं.’

ते दोन शब्द पत्राचे नव्हते. पत्र हातांत धरणाऱ्याला दिलेले होते. लिहिणारानें गृहीत धरलें होतें कीं हें पत्र कोणीतरी डोळ्यांनीं वाचील. एडिटरही असेंच कांहीं गृहीत धरतो, आणि तें कां, हें समजून घेण्यासारखें आहे.

युनिक्सचा पहिला एडिटर ‘एड’ हा केन थॉम्सन यांनीं १९६९ च्या सुमारास लिहिला. त्या वेळीं समोर कागदावर ठोकणारें यंत्र होतें. प्रत्येक अक्षराला वेळ लागे, कागद लागे. म्हणून ‘एड’ इतका मितभाषी निपजला कीं तुमचें चुकलें तर तो एक प्रश्नचिन्ह छापी आणि स्वस्थ बसे. काय चुकलें तें तुम्हांला कळलेंच पाहिजे, असा त्याचा सज्जन समज. आजही तो आहे आणि आजही त्याचा स्वभाव तोच आहे. पुढें १९७६ सालीं बर्कले येथें बिल जॉय या तरुणानें ‘एक्स’ आणि त्याचेंच पडद्यावर वावरणारें रूप ‘व्हीआय’ हे रचले. आतां पडदे नाना कंपन्यांचे, आणि प्रत्येकाच्या खुणा निराळ्या. तेव्हां कोणत्या पडद्याला कोणती खूण कळते याची एक वहीच ठेवणें भाग पडलें. संगणकांत ‘टर्म’ नांवाचा एक खण असतो, त्यांत आपल्या पडद्याचें नांव लिहिलेलें असतें. एडिटर तें नांव वाचतो, वहींत त्याच्या खुणा पाहतो आणि त्या भाषेंत बोलूं लागतो. नांव लिहिलें आहे म्हणजे पडदा आहे, असा हा व्यवहार. पुढें खरोखर कोणी बसलें आहे कीं नाहीं हा प्रश्न अलाहिदा.

तो प्रश्न प्रोग्रॅमला विचारतां येत नाहीं असें नव्हे. ‘माझें बोलणें पडद्याकडे जात आहे कीं फाईलींत?’ असें यंत्रणेस विचारण्याची सोय फार पूर्वीपासून आहे, आणि पुष्कळ सुसंस्कृत प्रोग्रॅम तें विचारून मगच रंगबिरंगी खुणा करतात. २०१७ पासून ‘नो कलर’ नांवाचा एक शिष्टाचारही रूढ होत आहे: या नांवाचा खण भरलेला दिसला कीं रंग लावूं नये. व्हिम विचारतो, परंतु उत्तर ऐकून तो जें करतो तें मोठें मौजेचें आहे. बोलणें पडद्याकडे जात नाहीं असें आढळलें तर तो तशी एक ताकीद देतो, दोन सेकंद थांबतो आणि मग आपलें काम सुरू करतो. नटानें रिकामें नाट्यगृह पाहून खांकरावें, क्षणभर थबकावें आणि तरीही अंक पहिला, प्रवेश पहिला सुरू करावा, तशांतलाच हा प्रकार. सहाशें फाईलींमागें दोन दोन सेकंद म्हणजे वीस मिनिटें नुसतें थबकणें झालें.

असो. भाच्यानें यावर जो उपाय केला तो त्या धंद्यांतील दहापैकीं नऊजण करतील असाच होता. त्यानें आलेल्या याद्यांना गाळण्या लावल्या. पहिली गाळणी एस्केप आणि त्यामागचें शेपूट काढून टाकी. पण हीं शेपटें एका घाटाचीं नसतात. कांहीं चौकटी कंसानें सुरू होतात, कांहीं साध्या कंसानें, कांहींचा शेवट घंटेच्या खुणेनें होतो. एका जाळ्यांत सगळीं सांपडत नाहींत. म्हणून त्यानें दुसरी गाळणी लावली: जें जें अदृश्य, तें तें काढून टाक. मग त्यानें फोन केला, ‘मामा, आतां अगदीं नितळ आहे. तुम्ही बघून घ्या.’ आणि खरोखरच तें नितळ दिसत होतें. मीं त्या याद्या छापून ईटच्या एका निवृत्त गुरुजींकडे तपासावयास पाठविल्या. शब्दांच्या बाबतींत मी त्यांस प्रमाण मानतों.

आठ दिवसांनीं कागद परत आले. समासांत गुरुजींच्या वळणदार अक्षरांत लाल शाईचे शेरे होते. लग्नांतील एका रीतीच्या नोंदींत, स्वयंपाकाला हात लावण्यापूर्वीं ‘आचार्यास विडा देतात’ असें वाक्य आलें होतें. त्याशेजारीं शेरा: ‘आमच्या गांवीं पंगतीचा स्वयंपाक आचार्य करीत नसत.’ पुढें ‘बालाघाटाच्या दर्यांत चरावयास नेणें’ या ओळीपुढें: ‘समुद्र केव्हां आला तें कळवावें. पाण्याची फार गरज आहे.’

गुरुजींचा विनोद मला अवर्षणासारखाच कोरडा लागला. विद्यार्थ्यांच्या मूळ फाईली उघडून पाहिल्या. तेथें ‘आचाऱ्यास’ आणि ‘दऱ्यांत’ असेंच होतें. आचारी आणि आचार्य यांतला फरक, दऱ्या आणि दर्या यांतला फरक, मराठी माणूस कानांनीं ओळखतो आणि कागदावर त्या अर्ध्या, आडव्या ‘र’वरून ओळखतो. तो ‘र’ युनिकोडमध्यें दोन मार्गांनीं लिहितां येतो. एक मार्ग म्हणजे खालीं टिंब असलेला ‘ऱ’ घेऊन त्याचा पाय मोडणें. दुसरा, जुन्या मजकुरांत आणि कांहीं कळफलकांवर आढळणारा, असा: साधा ‘र’, पायमोड, आणि त्यानंतर ‘झीरो विड्थ जॉइनर’ म्हणजे शून्य रुंदीचा सांधा. या सांध्याला रूप नाहीं, जागा नाहीं. तो फक्त सांगतो कीं हा ‘र’ पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढवूं नका, त्याच्या शेजारीं आडवा ठेवा. दुसऱ्या गाळणीनें ‘जें अदृश्य तें’ म्हणून सारे सांधे उचलले. लागलीच ‘र’ उडी मारून डोक्यावर बसला, आचारी आचार्य झाला आणि दुष्काळी मुलखांत दर्या उसळला.

यांतली खरी वाईट गोष्ट निराळीच होती. ज्या विद्यार्थ्यांनीं टिंबवाला ‘ऱ’ वापरला होता त्यांच्या याद्या धड राहिल्या होत्या. सऱ्या, चाऱ्या, पायऱ्या, गुऱ्हाळ हे शब्द एका यादींत शुद्ध, तर दुसऱ्या यादींत विटलेले. त्यामुळें नजर फसत होती. पुढें पन्नास वर्षांनीं कोणी अभ्यासकानें हा संग्रह पाहिला असता, तर ईटकडे गुऱ्हाळाचा उच्चार दोन प्रकारचा होता असा सिद्धांत त्यानें मोठ्या गांभीर्यानें मांडला असता, आणि त्याचें खंडन करावयास एकही म्हातारा उरला नसता. मृत शब्दाला आपली बाजू मांडतां येत नाहीं. त्याचें लेखन हीच त्याची साक्ष.

भाच्याला मी दोष देत नाहीं. अदृश्य म्हणजे निरुपयोगी, ही समजूत ज्या भाषेच्या संगतींत वाढली तिच्यांत अक्षरें एकेकटीं, सुटीं सुटीं उभीं असतात. इंग्रजी मजकुराला ती गाळणी लावली असती तर बहुधा कांहीं बिघडलें नसतें. आमच्या लिपींत अक्षरें हात धरून चालतात, आणि हात कसे धरावे हें सांगणारें कोणीतरी मध्यें लागतें. फोनवर आई, बाप आणि मुलें यांचें जें एकत्र चित्र आपण शुभेच्छांबरोबर पाठवितों, तेंही याच शून्य रुंदीच्या सांध्यानें जोडलेलें असतें. सांधा काढला कीं कुटुंब विभक्त होतें आणि प्रत्येकजण सुटा उभा राहतो.

आणि हा प्रश्न आमच्याकडे नवाही नव्हे. भारतीय लिपींसाठीं ‘इस्की’ नांवाची जी संकेतपद्धति १९९१ सालीं भारतीय मानक म्हणून मान्य झाली, तिच्यांतही अशा खुणा होत्या. त्या पद्धतीशीं ज्याचें नांव निगडित आहे तें ‘जिस्ट’ तंत्र कानपूरच्या आय.आय.टी.त जन्मलें आणि १९८८ सालीं स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्यें वाढलें. इस्कींत २३९ व्या जागीं एक खूण आहे. तिच्या पुढचें अक्षर हें अक्षर नव्हे, तो हुकूम: येथून ठसा जाड कर, येथून तिरपा कर, येथून लिपि बदलून बंगाली कर. म्हणजे एस्केपचीच देशी बहीण. मात्र जोडाक्षराच्या सांध्यासाठीं त्या पद्धतीनें अदृश्य वस्तु शोधली नाहीं. पायमोडीच्या पुढें नुक्ता ठेवला कीं मृदु पायमोड, पायमोड दोनदां दिली कीं हट्टानें दिसणारी पायमोड, अशी घरांतल्याच भांड्यांतून तिनें सोय केली. मला ही रीत अधिक शहाणपणाची वाटते. डोळ्यांआड असलेल्या वस्तूवर कोणीतरी हात मारणारच. पण जग युनिकोडच्या मागें गेलें, आणि त्यांत आपला लाभच अधिक झाला, हेंही मान्य केलें पाहिजे.

तेव्हां उपाय गाळणींत नव्हता. पाणी गढूळ करून मग गाळण्यापेक्षां तें ढवळूंच नये. एडिटरला आरंभींच सांगावयाचें कीं, बाबा, समोर कोणी पाहणारें नाहीं; हातवारे नकोत. व्हिमला हें सांगण्याचे निरनिराळे मार्ग आहेत. हुकमाच्या वेळीं उणे चिन्हापुढें इ आणि एस हीं दोन रोमन अक्षरें जोडून दिलीं म्हणजे तो आपला जुना, कागदी यंत्राच्या काळचा स्वभाव धारण करतो: विचारणा नाहीं, माहिती नाहीं, तक्रारसुद्धां नाहीं. ज्या ओळी म्हणून दाखव असें स्पष्ट सांगितलें असेल त्याच तो म्हणतो. एवढ्यानें त्याचें तोंड मिटतें.  दुसरें सांगणें म्हणजे ‘टर्म’च्या खणांत पडद्याचें खरें नांव पुसून तेथें ‘डंब’ असें लिहावयाचें. खुणांच्या वहींत या नांवाचा एक पडदा खरोखर नोंदलेला आहे. त्याला वर जातां येत नाहीं, पुसतां येत नाहीं, रंग कळत नाहींत. आलेलें अक्षर ठेवणें आणि ओळ संपली कीं खालीं उतरणें एवढेंच तो जाणतो. मी इंग्रजी शिकवितों. मुका आणि मठ्ठ या दोन्ही अर्थांनीं त्या भाषेंत हा शब्द वापरतात, आणि त्यांतला दुसरा अर्थ पहिल्यावर अन्याय करणारा आहे असें मी वर्गांत नेहमीं सांगत असतों. या पडद्यास मात्र पहिलाच अर्थ शोभतो. तिसरें सांगणें ‘नॉट अ टर्म’ या शब्दांचें; त्यानें ती ताकीद आणि तें दोन सेकंदांचें थबकणें वांचतें. आणि यादीच्या शेवटीं बाहेर पडण्याचा हुकूम विसरतां कामा नये. नाहींतर मुका झालेला एडिटर पुढच्या आज्ञेची वाट पाहत राहण्याचा संभव असतो, आणि तो वाट पाहत आहे हें सांगावयास त्याला तोंड नसतें.

रिचर्ड स्टॉलमन यांच्या ईमॅक्सचे भक्त म्हणतील कीं आमच्याकडे ‘बॅच’ हा एकच शब्द पुरतो, आणि तें खरें आहे. त्या शब्दानें ईमॅक्स पडदा उघडतच नाहीं, आणि त्याच्या सूचना वेगळ्या नळानें जातात. वाढणारा हात एक आणि बोलणारें तोंड दुसरें, हा पंगतीचा नियम युनिक्सनें फार आधीं घालून दिला आहे. तो सर्वांनीं पाळला असता तर आमच्या पानांत हें बोलणें पडलें नसतें. याहूनही सरळ मार्ग म्हणजे एडिटर जें म्हणेल तें टिपून घेण्याच्या भानगडींतच पडूं नये; दुरुस्त फाईल त्यानें आपल्या हातानें लिहावी, आणि तिला त्याच्या बोलण्याचा स्पर्शही होऊं नये. आतां आमच्या दुरुस्त्या तशाच होतात. तारांकित ओळींच्या याद्यांपुरतें तेवढें त्याला म्हणावयास लावतों, आणि तेंही मुक्या पडद्यापुढें.

भाच्यानें मूळ फाईलींवर सारें काम पुन्हां चालविलें. या वेळीं मींच एक अट घातली होती: कामापूर्वीं सर्व फाईलींतील सांधे मोजावे आणि कामानंतर पुन्हां मोजावे. दोन्ही आंकडे जुळले. एस्केपची संख्या काढली, ती शून्य आली. ‘मामा, आतां एकही खूण नाहीं,’ असें तो म्हणाला. मीं त्याला म्हटलें कीं खुणा पुष्कळ आहेत, फक्त त्या आपल्या आहेत.

नव्या याद्या गुरुजींकडे गेल्या. मोटेच्या प्रकरणांत एके ठिकाणीं लाल शाई दिसली, तेव्हां माझ्या पोटांत धस्स झालें. पण शेरा अर्थाविषयीं होता. थारोळें म्हणजे मोटेचें पाणी जेथें पडतें ती जागा, असें मीं लिहिलें होतें. गुरुजींनीं खालीं लिहिलें होतें: ‘अर्धेंच आहे. दगड कसे बसवीत, पाटाकडे उतार किती ठेवीत, पाण्याचा मार कोणत्या दगडावर घेत, हें आलें नाहीं. आमच्या विहिरीवर एक शिल्लक आहे. सुटींत यावें.’